२-६ चं कडं २-४ चं होऊ नये म्हणून: दागिन्यांची टेम्प्लेट्स अचूक मापात कशी छापायची

मैत्रिणीला २-६ मापाचं पितळी कडं हवं होतं. मी टेम्प्लेट छापलं, पत्र्यावर चिकटवलं, पट्टी कापली, गोल करून सांधा डाक देऊन जोडला, कानस मारली, पॉलिशही केलं. कडं दिसायला झकास, पण तिच्या हातात काही जाईना. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं. शेवटी व्हर्नियर (बारीक मापाचं उपकरण) काढला, तर आतला व्यास ५७ मिलिमीटर आणि वर थोडंसं. म्हणजे सरळसरळ २-४.

पट्टीची लांबी काढली होती ती बरोबर होती, कापलीही रेघेवरच होती. गडबड झाली ती छापताना. झेरॉक्सच्या दुकानात छपाईच्या खिडकीत ‘फिट’ हा पर्याय आधीच निवडलेला होता आणि पान गुपचूप ९५ टक्क्यांवर आलं होतं. कागदाकडे बघून हे कळत नाही. २०० मिलिमीटरची रेघ १९० ची झाली, तर शेजारी दुसरी रेघ असल्याशिवाय डोळ्याला ते जाणवत नाही. हातात न जाणाऱ्या बांगडीला मात्र ते लगेच जाणवतं.

पाच टक्क्यांनी एवढं का बिघडतं, हे आपल्याकडच्या बांगडीच्या मापातच दडलंय. २-६ म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळापैकी सहा भाग. रुपयाचे सोळा आणे तसे इंचाचे सोळा. म्हणून २-४ ला सव्वादोन आणि २-८ ला अडीच म्हणता येतं. हे माप आतल्या व्यासाचं असतं. मिलिमीटरमध्ये मांडलं तर असं:

२-२: व्यास ५४.०, आतला घेर १६९.६
२-४: व्यास ५७.२, घेर १७९.५
२-६: व्यास ६०.३, घेर १८९.५
२-८: व्यास ६३.५, घेर १९९.५
२-१०: व्यास ६६.७, घेर २०९.५

प्रत्येक मापागणिक घेर जवळजवळ एक सेंटीमीटरने वाढतो आणि हा एक सेंटीमीटर म्हणजे घेराच्या साधारण पाच टक्के. प्रिंटर ‘फिट’ करतो तेव्हा पान साधारण तेवढंच लहान होतं. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. प्रिंटर दोन्ही कडांना पाच-पाच मिलिमीटर कोरी जागा ठेवत असेल तर त्याच्या हाती उरतात २००. पूर्ण पान त्यात कोंबायचं तर ते ९५ टक्के होणारच. म्हणून ‘फिट’ची चूक झाली की बांगडी उगाच कुठेतरी चुकत नाही, नेमकी एका मापाने उतरते.

अंगठीची गत याहून नाजूक. आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत अंगठीचा नंबर म्हणजे, ढोबळमानाने, आतल्या घेराच्या मिलिमीटरमधून ४० वजा. १४ नंबरचा घेर ५४ च्या आसपास. तो ९५ टक्के केला तर ५१ उरतो आणि अंगठी जवळपास तीन नंबरांनी लहान होते. लटकन, झुमक्याची पाकळी किंवा ब्रोच असेल तर पाच टक्क्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. अंगावरच्या एखाद्या भागाभोवती जे बसायचं आहे किंवा दुसऱ्या तुकड्यात जे अडकायचं आहे, त्यालाच ही सगळी काळजी. मण्यांच्या विणकामाचे चौकटींचे नमुने असतात, त्यांना तर अजिबात गरज नाही. तिथे माप मणीच ठरवतो, कागद फक्त रंगांचा क्रम सांगतो. ते खुशाल ‘फिट’ करून छापा.

आधी फाइल कुठली आहे ते बघा

पीडीएफ असेल तर अर्धी लढाई जिंकलीच. पीडीएफमध्ये पानाचं खरं माप लिहिलेलं असतं आणि ते आपल्याला वाचताही येतं. अ‍ॅक्रोबॅटमध्ये (पीडीएफ उघडायचा प्रोग्रॅम) फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पेज साइझ’ बघा. २१० × २९७ असेल तर ए-फोर. २१६ × २७९ किंवा ८.५ × ११ इंच असेल तर तो अमेरिकेत चालणारा ‘लेटर’ कागद. परदेशी कारागिरांची बरीच टेम्प्लेट्स याच मापात येतात. लेटर पान आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आहे, म्हणून प्रिंटर ते आपणहून लहान करायला बघतो. करू देऊ नका. खऱ्या मापात छापलं तर दोन्ही बाजूंचे तीन-तीन मिलिमीटर कागदाबाहेर जातील, शिवाय प्रिंटरची कोरी कड. पण तिथे बहुधा रिकामा समासच असतो. नमुना अगदी कडेपर्यंत गेलेला असेल तरच अडचण येते, मग पान आडवं करून किंवा दोन भागांत छापावं लागतं.

खरा घोळ असतो तो जेपीजी किंवा पीएनजी चित्राचा. चित्राला पिक्सेल असतात, मिलिमीटर नसतात. ६०० पिक्सेल रुंदीचं एक लटकन घ्या. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, छापलं तर ते ५०.८ मिलिमीटरचं होतं, ९६ ने छापलं तर १५८.८ आणि ७२ ने छापलं तर २११.७, म्हणजे ए-फोरच्याही बाहेर. चित्र एकच, कागदावरची मापं तीन. त्यामुळे चित्र थेट छापायचंच नाही. ते लिब्रेऑफिस ड्रॉ किंवा इंकस्केप यांसारख्या चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये आणायचं, निवडायचं आणि रुंदी मिलिमीटरमध्ये स्वतः लिहायची. लिब्रेऑफिसमध्ये चित्र निवडून एफ-४ दाबलं की जागा आणि मापाची खिडकी उघडते. तिथे ‘कीप रेशो’वर खूण करा, नाहीतर गोल लटकन अंडाकृती होईल. मग त्याची पीडीएफ काढायची आणि छापायची ती पीडीएफ.

वर्डमध्येही हे जमतं, पण वर्डच्या दोन खोड्या आहेत. मोठं चित्र आत आणलं की ते समासात बसेल इतकं तो आपणहून लहान करतो. शिवाय ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये छपाईच्या भागात ए-फोर आणि लेटर यांच्यात मजकूर जुळवून घेण्याची एक खूण सहसा लागलेलीच असते. ती काढून टाका.

इंकस्केपच्या जुन्या फायली वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ०.९२ या आवृत्तीपासून इंकस्केपने इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली. आधीची एसव्हीजी फाइल उघडताना नवी आवृत्ती त्याबद्दल विचारते. तो प्रश्न न वाचता पुढे गेलात तर नमुना ९३.७५ टक्क्यांवर येऊ शकतो, म्हणजे छपाईच्या आधीच बांगडी एका मापाहून जास्त खाली.

आणि मूळ नमुना म्हणजे आजीची नथ किंवा जुनी वाकीच असेल तर? मोबाइलने जवळून फोटो काढला की मधला भाग फुगतो आणि कडा पळतात. त्यापेक्षा दागिना सपाट स्कॅनरवर ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि ३०० डीपीआयवर स्कॅन करा. दोन्ही काचेला टेकलेले हवेत. दागिना उंच असेल तर वरचा भाग धूसर येईल, पण काचेला टेकलेली कड मापाला बरोबर मिळते. ३०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे ११.८ पिक्सेल, तेव्हा पट्टीवरचे ५० मिलिमीटर ५९० पिक्सेलच्या आसपास भरले तर स्कॅन मापात आहे.

पानावर ताळा हवाच

शाळेत गणित सोडवलं की ताळा करून बघायचो, तसाच ताळा टेम्प्लेटच्या प्रत्येक पानावर काढायचा. मी दोन रेघा काढते: एक आडवी १०० मिलिमीटर, एक उभी १०० मिलिमीटर, दोन्हींच्या टोकांना छोट्या आडव्या खुणा. काही जण ५० × ५० चा चौकोन काढतात, तेही चालतं. पण १०० ची रेघ असली की टक्केवारी थेट वाचता येते: ९७ भरली म्हणजे ९७ टक्के. रेघ नमुन्याच्या फाइलमध्ये, त्याच पानावर हवी. वेगळ्या पानावर काढून काय उपयोग? ते पान १०० टक्क्यांवर छापलं जाईल आणि नमुन्याचं पान ९५ वर.

टेम्प्लेट दुसऱ्या कुणाचं असेल आणि त्यावर ताळ्याची रेघ नसेल, तर त्यातलं एखादं लिहिलेलं माप शोधा: ‘व्यास ३० मिमी’ वगैरे. तेही नसेल तर ते टेम्प्लेट मापाच्या कामाला वापरू नका, आकारापुरतं वापरा.

रेघेच्या जाडीकडेही बघा. एक पॉइंट जाडीची रेघ म्हणजे ०.३५ मिलिमीटर. वर्तुळ कापताना तुम्ही रेघेच्या आतून गेलात की बाहेरून, यावर व्यासात ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो. १४ नंबरच्या अंगठीला तो दोन नंबरांचा. मी पाव पॉइंटची रेघ ठेवते. तीही कापताना बाहेरच्या अंगाने करवत चालवून रेघेपर्यंत कानशीने यायचं.

छापताना

अ‍ॅक्रोबॅटमध्ये छपाईच्या खिडकीत ‘पेज साइझिंग’खाली चार-पाच पर्याय दिसतात. निवडायचं ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’. ‘फिट’ नको आणि ‘श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस’ही नको. हे दुसरं नाव निरुपद्रवी वाटतं, पण लेटर पानाला ते लहान करतंच. टक्का स्वतः लिहायचा असेल तर ‘कस्टम स्केल’मध्ये १००.

क्रोममधून छापत असाल तर ‘मोअर सेटिंग्ज’ उघडा, ‘स्केल’मध्ये ‘कस्टम’ निवडा आणि १०० लिहा. मी मात्र मापाचं काम ब्राउझरमधून छापत नाही. फाइल उतरवून घेते आणि पीडीएफ वाचकातून छापते.

एवढं करूनही रेघ चुकली तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये शिरा. तिथे आणखी एक ‘फिट टू पेज’ लपलेलं असू शकतं आणि इंकजेटला ‘बॉर्डरलेस’ही असतं. बॉर्डरलेस छपाईत कडेला पांढरी पट्टी राहू नये म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं केलं जातं. तिथे चूक उलट दिशेची: बांगडी सैल. कागदाचं माप प्रिंटरमध्ये आणि पीडीएफ वाचकात, दोन्हीकडे ए-फोर आहे का तेही बघून घ्या.

घरी प्रिंटर नसतो तेव्हा आपण सगळेच फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. दोन गोष्टी पाळा. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलीत तर तिचे पिक्सेल कमी होतात. आणि मोबाइलवरचा स्क्रीनशॉट तर कधीच पाठवू नका, त्यात माप उरतच नाही. दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या मुलाला “बरोबर साइझमध्ये काढ” म्हणून उपयोग नाही. त्याच्या लेखी बरोबर म्हणजे पानभर. “अ‍ॅक्च्युअल साइझ कर, फिट नको” असं त्याच्या खिडकीतल्या शब्दांत सांगा. खिशात स्टीलची छोटी पट्टी न्या आणि पैसे देण्याआधी ताळा मोजा. पट्टी विसरलात तर बँकेचं कार्ड काढा: ते ८५.६ × ५४ मिलिमीटरचं असतं, जगभर एकच. फाइलमध्ये त्या मापाचा एक चौकोन काढून ठेवला असेल तर कार्ड ठेवलं की लगेच कळतं. दहा रुपयांचं नाणंही चालतं, व्यास २७ मिलिमीटर. पण लहान वस्तूवर दोन-तीन टक्क्यांची चूक डोळ्याला पकडता येत नाही, म्हणून मी कार्डावर जास्त विश्वास ठेवते.

एक पान छापून घेतलं, आता बाकीच्या दहा प्रती झेरॉक्स करू, असं करू नका. झेरॉक्स १०० टक्क्यांवर असली तरी थोडीफार सरकते आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की तो फरक साठत जातो. प्रत्येक प्रत फाइलवरूनच काढा.

मोजणे आणि दुरुस्ती

कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी यासाठी नको, शिंप्याची टेप तर नकोच, ती वापरून ताणलेली असते. स्टीलची पट्टी घ्या आणि शून्यापासून न मोजता १० वरून सुरू करा: एक टोक १० वर, दुसरं ११० वर आलं पाहिजे. पट्ट्यांची शून्याकडची कड बहुतेकदा झिजलेली असते. दोन्ही रेघा मोजा, आडवी आणि उभी.

१०० च्या जागी ९९.५ ते १००.५ भरलं तर कामाला लागा. अर्ध्या टक्क्याने बांगडीचा व्यास ०.३ मिलिमीटरने बदलतो, तेवढा कानशीतही जातो. आडव्या-उभ्यात थोडा फरक असेल, समजा १०० आणि ९९.६, तर त्याचाही बाऊ करू नका. लेझर प्रिंटरमधून कागद तापून निघतो, त्यातली ओल जाते आणि तो किंचित आकसतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हाच कागद दोन दिवस उघडा राहिला तर पुन्हा किंचित फुगतो. हा फरक बांगडीच्या मापापर्यंत पोचत नाही. जाड कार्डशीट मात्र रोलरवर घसरू शकतं आणि मग उभी रेघ आखडते. तशी आखडली तर साध्या ८० जीएसएम कागदावर छापून तो कार्डशीटवर चिकटवा.

फरक मोठा असेल तर आधी सेटिंगच शोधा, टक्केवारीशी खेळू नका. सगळं तपासूनही प्रिंटर हट्टाने ९६.५ च देत असेल तर ‘कस्टम स्केल’ बदला, आणि इथे हमखास चूक होते. ३.५ टक्के कमी पडलं म्हणून १०३.५ लिहायचं नाही. १०० ला ९६.५ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं: १०३.६. इथे फरक फुटकळ वाटतो, पण ९० टक्क्यांवर आलेल्या पानाला १११.१ लागतात, ११० नाही. नव्या टक्क्याने छापल्यावर ताळा पुन्हा मोजा.

हाच टक्का कामालाही लावता येतो

टेराकोटाचे दागिने करणाऱ्यांना हे गणित जास्त उपयोगी आहे. माती वाळताना आणि भाजताना आकसते, आणि किती आकसते हे मातीमातीवर ठरतं. कुणाचा आकडा उसना घेऊ नका. आपल्या मातीची एक पट्टी लाटा, तिच्यावर ओली असतानाच १०० मिलिमीटर अंतरावर दोन ओरखडे काढा, नेहमीसारखी वाळवून भाजा आणि अंतर मोजा. ९१ भरलं तर १०० भागिले ९१, म्हणजे ११० टक्क्यांवर टेम्प्लेट छापायचं. ४० मिलिमीटरचं लटकन हवं तर कागदावर ते ४४ चं दिसेल. फाइल मात्र खऱ्या मापातच ठेवा, वाढ फक्त छापताना द्या. नाहीतर सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर हे वाढवलेलं आहे की मूळ, आठवणार नाही. इथे ताळ्याची रेघ ११० भरली पाहिजे, हे विसरून “चुकलं” म्हणून पान फेकून देऊ नका. मी एकदा फेकलंय.

पत्र्याची पट्टी

कडं किंवा अंगठी पट्टीतून करायची असेल तर पट्टीची लांबी आतल्या घेराइतकी ठेवून भागत नाही. पत्रा वाकतो तेव्हा त्याचा आतला थर दाबला जातो, बाहेरचा ताणला जातो आणि मधला तेवढा आपल्या मापाचा राहतो. म्हणून आतला व्यास अधिक पत्र्याची जाडी, गुणिले ३.१४१६. २-६ चं कडं, दीड मिलिमीटर पत्रा: ६०.३ अधिक १.५ म्हणजे ६१.८, गुणाकार १९४.२ मिलिमीटर. ही पट्टी ए-फोरच्या रुंदीत जेमतेम बसते, म्हणून पानावर ती उभी काढा. माझ्या त्या पहिल्या कड्यात हीच १९४ ची पट्टी १८४.५ ची झाली होती. गोल केल्यावर आतला व्यास बरोबर २-४ चा.

कंबरपट्ट्यासारख्या लांब गोष्टीला चार-पाच पानं जोडून छापण्याचा मोह होतो. अ‍ॅक्रोबॅटच्या ‘पोस्टर’ पर्यायाने ते जमतं: ‘टाइल स्केल’ १०० ठेवा, ‘ओव्हरलॅप’ थोडा द्या, ‘कट मार्क्स’ लावा. पण प्रत्येक जोडाला अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. कंबरपट्टा एकाच घटकाची पुनरावृत्ती असेल तर तो एक घटक छापा, हवे तितके कापा आणि एकूण लांबी जोडायच्या छोट्या कड्यांनी जुळवा. खड्याच्या घराचंही, म्हणजे कोंदणाचंही, तसंच. सहा मिलिमीटरचा खडा म्हणून विकत घेतलेला खडा ५.८ चा निघतो. घर छापील वर्तुळावरून नाही, हातातल्या खड्याला व्हर्नियर लावून करा.

चिकटवणे

इतकं मापात छापून शेवटी कागदावर पातळ फेव्हिकॉल फासला तर कागद ओला होऊन फुगतो, तोही सगळीकडे सारखा नाही. तंतूंना आडव्या दिशेने जास्त. ग्लू स्टिक वापरा, किंवा सरळ ए-फोरच्या स्टिकर शीटवर छापा. पत्रा आधी साबणाने धुऊन कोरडा करा, तेलकट राहिला तर करवतीच्या पहिल्याच फेऱ्यात कागद सुटतो. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली की बुरादा झटकताना रेघ पुसली जात नाही. चिकटवल्यावर ताळ्याची रेघ पुन्हा एकदा मोजता आली तर उत्तम. म्हणून मी ती नमुन्याला लागूनच काढते आणि दोन्ही एकाच तुकड्यात कापून चिकटवते.

एखादं माप जमून आलं की तेच टेम्प्लेट जाड कार्डशीटवर छापून ठेवा आणि त्याच्यावर लगेच लिहा: माप, पत्र्याची जाडी, छापतानाचा टक्का, रेघेच्या आत कापायचं की बाहेर. माझ्या डब्यात नुसतं ‘ताईचं कडं’ असं लिहिलेली तीन कार्डं आहेत. कुठल्या ताईचं, कुठल्या हाताचं, अजून कळलेलं नाही.